उरलेली चिठ्ठी

रविवार, ५ जानेवारी

मंडळीकडून नवी डायरी मिळाली. दर वर्षी मिळते, कारण रविवारची हजेरी मी लिहितो. आज गीतं २३, ११०, २१४. हजेरी ६३. दारात उभं राहून मोजतो, त्यामुळे दारातला माणूस त्यात येत नाही. चाळीस वर्षांत मी स्वतःला कधी मोजलेलं नाही.

यंदा हजेरीखाली आणखीही लिहिणार आहे. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली तेव्हा पद्मजा म्हणाली, "अहो, मनातलं कुठे तरी ओतत जा. माझे कान भरलेत." मी आठवी पास. खडकीच्या कारखान्यात स्टोअरला होतो, तिथे लिहायचं म्हणजे नट-बोल्टांची नावं. पण अक्षर चांगलं आहे, असं साहेबही म्हणायचे.

आज पाळकसाहेबांनी जाहीर केलं. दत्तोबा वारल्यापासून चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांमधली एक जागा रिकामी आहे, ती ९ फेब्रुवारीला भरायची. आधी दोन नावं सुचवायची, मग चिठ्ठी.

आमच्या चर्चची रीत बाहेर कोणाला ठाऊक नसते, म्हणून लिहून ठेवतो. आमच्यात मतदान नाही. प्रभूला पकडून देणाऱ्या यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा प्रेषितांनी दोन माणसं उभी केली, प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या, तसंच आम्ही करतो. पितळेच्या वाटीत दोन चिठ्ठ्या. मंडळीतली सगळ्यांत वयस्कर बाई एक उचलते. पाळक ती वाचतात, तो पंच झाला. पण उरलेली चिठ्ठी टाकत नाहीत. ज्याची निवड झाली नाही त्याच्या हातात ती देतात. त्याने ती स्वतः उघडायची, आपलं नाव सगळ्यांसमोर वाचायचं आणि निवडलेल्यासाठी पहिली प्रार्थना त्यानेच करायची. मग पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, ती चिठ्ठी जपायची आणि रोज त्या माणसासाठी प्रार्थना करायची. शास्त्रात त्या मागे राहिलेल्या योसेफ बर्सबाचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. तो विसरला जाऊ नये म्हणून आमच्या जुन्या लोकांनी हे घालून दिलं.

रीत चांगली आहे. अकरा वर्षांपूर्वी उरलेली चिठ्ठी माझ्या हातात आली होती. मी नाव वाचलं, दत्तोबांसाठी प्रार्थना केली, आणि घरी जाताना चिठ्ठी नाल्यात टाकली. हे पद्मजालाही माहीत नाही.

या वेळी जागा माझी आहे.

बुधवार, ८ जानेवारी

आज शास्त्राभ्यास. दीड वर्षापूर्वी हिंमतराव वानखडे अचलपूरहून इथे विश्रांतवाडीत मुलाकडे राहायला आले. शाळेत मास्तर होते. त्याआधी पाळक तयार होतात त्या सेमिनरीत तीन वर्षं काढलेली, तिथे ग्रीक शिकले. तेव्हापासून बुधवारचा अभ्यास तेच घेतात. पूर्वी आठ-दहा माणसं यायची, आज २९ होती. यांतल्या निम्म्या लोकांना मी वीस वर्षं दारात सलाम करतो. माझ्यासाठी बुधवारी कोणी आलं नाही.

पंच निवडायचे आहेत म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना निवड हाच विषय दिला आहे. ग्रीक शब्द आहे एकलेगोमाय, निदान मला तसा ऐकू आला. फळ्यावर त्यांनी लिहिला नाही. खडू मी स्वतः समोर ठेवला होता. सुनेला म्हणाले, "रुपाली, तू लिही." आपले हात पांढरे व्हायला नकोत.

त्यांनी सांगितलं ते असं. पुष्कळांमधून बाहेर काढून, उचलून, आपल्यासाठी घेणं. प्रभूने डोंगरावर प्रार्थना करून शिष्यांमधून बारा जण घेतले, तिथे हाच शब्द आहे. म्हणाले, "या शब्दात घेणाऱ्याचा हात दिसतो. घेतलेल्यात काय विशेष होतं, ते हा शब्द सांगतच नाही."

मग तो उतारा वाचायचा होता. समोर पदवीधर बसलेले, एक तर कॉलेजात शिकवणारी बाई. आणि हिंमतराव म्हणतात, "दीनानाथभाऊ, तुम्ही वाचा."

मी ओळीखाली बोट ठेवून वाचतो, शाळेपासूनची सवय. बर्थलमय या नावापाशी अडखळलो आणि एक नाव गाळलं. मागे कोणी तरी हसलं. हिंमतराव डोळे मिटून बसले होते. पुस्तकाकडे न बघता त्यांनी गाळलेलं नाव सांगितलं. म्हणजे मी कसा अडखळतो ते लोकांना दाखवायचं आणि आपल्याला सगळं पाठ आहे हेही.

येताना पद्मजा म्हणाली, "किती सोपं करून सांगतात." मी विचारलं, निघताना गॅस बंद केला होतास का.

रविवार, १२ जानेवारी

गीतं ४, ८७, १९१. हजेरी ६६.

फाटकात हिंमतरावांना हात वर करून सलाम केला. ते सरळ माझ्या तोंडाकडे बघत पुढे गेले. उत्तर नाही. मी पाच फूट नऊ इंच आहे, दिसणार नाही असा नाही. आत गेल्यावर प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत पुढच्या रांगेत गेले, जणू सगळ्या खुर्च्या यांनीच विकत आणल्यात. त्या मी पहाटे उठून लावलेल्या असतात.

चहाच्या वेळी कप टेबलाच्या कडेवर ठेवला, तो पडला. "अरे बापा," एवढंच म्हणाले. फरशी पुसायला दीनानाथ आहेच.

पद्मजाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्याकडे इतकं का बघता?"

रविवार, १९ जानेवारी

हजेरी ७१. नावं सुचवायचा दिवस.

मुक्ताबाई उठल्या. त्यांना एक्क्याण्णव वर्षं पूर्ण झाली, त्यामुळे चिठ्ठीही त्याच उचलणार. त्यांनी हिंमतरावांचं नाव सुचवलं आणि सगळे माना हलवायला लागले. मग बराच वेळ कोणी उठेना. मी गीतांची पुस्तकं सरळ करत होतो. माझ्या मनात आलं, चाळीस वर्षं घंटा वाजवली, किल्ल्या सांभाळल्या, प्रभुभोजनाचे पेले धुतले, मेलेल्यांच्या पेट्यांना खांदा दिला, आणि माझं नाव या लोकांच्या तोंडात येत नाही.

तेवढ्यात हिंमतराव उभे राहिले. म्हणाले, "मी दीनानाथ ओहोळ यांचं नाव सुचवतो."

लोक हसले, चांगल्या अर्थाने. पाळकसाहेब म्हणाले, छान. मला मात्र सगळं लगेच कळलं. समोर माझ्यासारखा असला की यांचं तेज वाढतं. पुढे मी उरलेली चिठ्ठी वाचायची आणि यांच्यासाठी प्रार्थना करायची. हा माणूस आपला हरणाराही स्वतःच निवडून घेतो.

बुधवार, २२ जानेवारी

पुन्हा तोच शब्द. पुन्हा मलाच वाचायला उठवलं. आता तर पुस्तकही आपलंच देतात, मोठ्या टाइपाचं, कापडी वेष्टणाचं. स्वतः रिकाम्या हातांनी बसतात.

आज लूकचा उतारा होता, मेजवानीचा. आलेले पाहुणे पहिल्या जागा पकडत होते, हे पाहून प्रभू त्यांना सांगतो की शेवटच्या जागी बस. हिंमतराव म्हणाले, "इथंही तोच शब्द आहे. देव निवडतो त्यालाही हाच, आणि ही माणसं आपल्या बुडाखालची खुर्ची निवडतात त्यालाही हाच. शब्द एकच, हात वेगळे."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी विचारलं, "मग यहूदाला निवडलं तिथे कुठला शब्द आहे?" मला वाटलं, आता अडकतील.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हाच. बारा जणांना एकदमच निवडलं, त्यात तोही होता. चांगलं विचारलंत भाऊ, मी हे सांगायचं टाळत होतो."

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. दोन मिनिटं बरं वाटलं. मग लक्षात आलं की शाबासकी देणारा तो आणि घेणारा मी.

सोमवार, ३ फेब्रुवारी

झोप नाही. चर्चचं कुलूप दोनदा जाऊन बघून आलो.

चिठ्ठ्या नेहमी मी लिहितो. पाळकसाहेबांना म्हटलं, या वेळी माझंच नाव आहे, दुसऱ्या कोणाला सांगा. ते म्हणाले, "ओहोळकाका, तुमच्यावर अविश्वास दाखवायला आम्हाला लाज नाही का वाटणार?" आणि कागद माझ्याच हातात दिला.

मी सांगायचं ते सांगितलं. आता ते त्यांच्यावर.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारी पद्मजा स्त्री-मंडळाला गेली तेव्हा चिठ्ठ्या लिहिल्या. जे केलं ते लिहितो. डायरीत खोटं लिहिलं तर मग खरं लिहायला जागाच राहणार नाही.

तीन चिठ्ठ्या केल्या. दोन माझ्या नावाच्या. त्या वाटीत जातील. तिसरी हिंमतरावांच्या नावाची, ती डाव्या बाहीत. मुक्ताबाई कुठलीही उचलोत, नाव माझंच येईल. मग उरलेली चिठ्ठी घेऊन वाटी हिंमतरावांकडे न्यायचं काम माझंच असतं. नेताना आतली काढून बाहीतली ठेवायची. स्वयंपाकघरात आमटीच्या वाटीवर सात वेळा करून बघितलं. पाच वेळा जमलं.

मी वाईट माणूस नाही. चिठ्ठी देवाच्या हातात असते असं म्हणतात, पण अकरा वर्षांपूर्वी देवाचं लक्ष दुसरीकडे होतं, असं मला अजून वाटतं. मी फक्त त्याला आठवण करून देतो आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

गीतं लिहिली नाहीत. हजेरी मोजली नाही.

मुक्ताबाईंनी चिठ्ठी उचलली. पाळकसाहेबांनी वाचली, "दीनानाथ ओहोळ." टाळ्या झाल्या. पद्मजाने पदर डोळ्यांना लावला. मी वाटी घ्यायला पुढे झालो तर पाळकसाहेब म्हणाले, "काका, आज तुम्ही बसा, तुमचा दिवस आहे." आणि वाटी स्वतः घेऊन गेले.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीही वाटी पाळकांनीच आणली होती. तेव्हा मीच बसलेलो होतो. हे मी कसं विसरलो?

हिंमतरावांनी चिठ्ठी घेतली. उघडायला वेळ लावला. दोन्ही हातांनी उघडली, डोळ्यांजवळ नेली. त्या कागदावर माझ्या चांगल्या अक्षरात माझंच नाव होतं.

ते म्हणाले, "हिंमतराव वानखडे."

स्पष्ट, मोठ्याने. मग चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. लांब केली. माझ्या पायांसाठी, पद्मजाच्या साखरेसाठी, चाळीस वर्षांच्या घंटेसाठी. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. बाहीतली चिठ्ठी घामाने भिजली होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मी ती तोंडात टाकली आणि चावून गिळली. आमेन म्हणायला तोंड रिकामं नव्हतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन दिवस विचार करतो आहे. त्यांनी वाचलं. वाचलं आणि मला झाकलं. का?

आधी वाटलं, हातात धरून ठेवतील, वेळ आली की बाहेर काढतील. पण तसा माणूस प्रार्थनेत पद्मजाच्या साखरेपर्यंत जात नाही. मग दुसरं उमगलं आणि ते जास्त लागलं. मी चोरी केली आणि त्यांनी क्षमा केली, तीही उभ्या उभ्या, कोणाला न कळता. पंचाची जागा मला मिळाली आणि मोठेपणा पुन्हा त्यांनाच. यातही तेच वरचढ. मला पकडलं असतं तर निदान आम्ही दोघं एका पातळीवर आलो असतो.

हे लिहिलेलं पुन्हा वाचलं. लाज वाटते, पण खोडत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ताप आहे म्हणून अभ्यासाला गेलो नाही. ताप नव्हता. पद्मजा कपाळाला हात लावून म्हणाली, "तुमचा ताप थर्मामीटरला नाही सापडायचा."

संध्याकाळी हिंमतरावांचा फोन. तब्येत विचारली. मग म्हणाले, "तुम्ही नव्हता म्हणून आज अभ्यास लवकर आटोपला. वाचायला कोणी नव्हतं."

तीस माणसांत वाचायला कोणी नव्हतं. टोमणा मारायचा तर असा मारावा. मी म्हटलं, बरं.

रविवार, १६ फेब्रुवारी

पंच म्हणून पहिला रविवार. समोर उजवीकडच्या तीन खुर्च्यांमधली मधली माझी. तिथून दार दिसतं. घंटा आज दुसऱ्याने वाजवली, मधेच थांबून, जशी आइस्क्रीमवाल्याची. खुर्चीवर बसून काय करायचं ते कळेना. हजेरी इथून मोजता येत नाही, मागची रांग खांबाआड जाते.

हिंमतराव समोरच होते. चेहरा शांत. एकदाही माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज गेलो. आता नीट लिहिलं पाहिजे.

रुपालीने गाडीतून सासऱ्यांना उतरवलं. कानाला फोन होता. मला म्हणाली, "काका, बाबांना आतपर्यंत न्याल ना? तीन स्टेप्स आहेत तेवढ्या सांगा. मला मीटिंग आहे."

मी म्हटलं, "पायऱ्या कशाला सांगायच्या?"

ती थांबली. "अहो काका, काचबिंदू आहे ना त्यांना. उजवा तर कधीच गेला. डाव्याने आता उजेड तेवढा कळतो. बाबा म्हणाले, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच तुम्ही वाचून दाखवता, असं म्हणाले."

मी त्यांचा हात धरला. तीन पायऱ्या सांगितल्या. आत ते खुर्च्यांच्या पाठींवर हात ठेवत गेले.

खडू. सलाम. कप. सगळं एकामागून एक डोक्यात आलं. आणि मग चिठ्ठी. त्यांनी ती वाचलीच नव्हती. कोणी वाचलेली नाही. मला कोणी पकडलेलंही नाही आणि क्षमाही केलेली नाही.

पहिली गोष्ट मनात आली ती सुटलो ही. दुसरीही तीच. तिसऱ्या गोष्टीला बराच वेळ लागला.

त्यांनी पुस्तक दिलं. मी पान उघडलं तर त्यात ती चिठ्ठी होती. लोक पानं चाळत होते. मी ती मुठीत घेतली आणि खिशात टाकली. मग उतारा वाचला, बोट ठेवून, एकही चूक न करता.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी हिंमतरावांचा फोन. आवाज घाबरलेला. म्हणाले, "भाऊ, माझी चिठ्ठी पुस्तकातून पडली वाटते. तुमच्या नजरेला आली काय? रोज सकाळी तिच्यावर बोट ठेवून तुमच्यासाठी प्रार्थना करतो. आज बोट ठेवायला काही नाही."

मी म्हटलं, बघतो.

ती माझ्या समोर टेबलावर होती, साखरेच्या डब्याखाली. दहा दिवस त्या माणसाने माझ्या नावावर बोट ठेवून माझ्यासाठीच प्रार्थना केली. आपलं नाव समजून.

माझी अकरा वर्षांपूर्वीची चिठ्ठी नाल्यात गेली होती. दत्तोबांसाठी मी दुसऱ्या दिवसापासून एकदाही प्रार्थना केली नव्हती.

पद्मजाने साखरेचा डबा उचलला, चिठ्ठी उघडली, वाचली, परत घडी घातली. चहा दिला, त्यात साखर नव्हती.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गेलो. ते बाल्कनीत ऊन खात बसले होते. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याने चाचपली आणि चेहरा सैल झाला. मी म्हटलं, "ती तुमची नाही. त्यात तुमचं नाव नाही."

मग सगळं सांगितलं. बाहीतली तिसरी चिठ्ठीही, गिळलेलीही. खाली आळंदी रस्त्याच्या गाड्यांचा आवाज येत होता, त्यामुळे दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. असली गोष्ट मोठ्याने सांगणं फार अवघड.

त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "वाचा."

"दीनानाथ ओहोळ."

"म्हणजे माझं नाव वाटीत नव्हतंच."

"नव्हतं."

त्यांनी हात मागे घेतला. ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, आता उठा म्हणतील. राग आला होता त्यांना. तो मी पहिल्यांदा पाहिला आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

मग म्हणाले, "मला त्या कागदावर पांढरं दिसलं. बस. दोनच चिठ्ठ्या, एक तुमची निघाली, म्हणून ही माझी असं धरून बोललो. वाचलं नाही, वाचल्याचं सोंग केलं. डोळे गेले हे कळलं तर बुधवार काढून घेतील, ही भीती. दीड वर्ष पाठ केलेल्यावर चालवतो आहे." थोडं थांबून, "तुम्ही नसलेलं लिहिलं, मी नसलेलं वाचलं. मंडळी बिचारी दोघांनाही आमेन म्हणाली."

मला रडू आलं. आवाज न करता रडत होतो, तरी त्यांना कळलं.

"काहून रडता बापा? डोळे तर माझे गेलेत."

निघताना मी विचारलं ते विचारायला नको होतं, पण गेले सहा आठवडे ते मला खात होतं. "नव्या वर्षाच्या पहिल्या बुधवारपासून मलाच का उठवता वाचायला? एवढी शिकलेली माणसं होती."

"शिकलेली माणसं धावतात. वाक्य संपलं की पुढे. मला पाठ आहे तरी दम लागतो." त्यांनी गुडघ्यावर बोट ठेवून हळूहळू सरकवलं. "तुमचं बोट कागदावर घासतं त्याचा आवाज येतो. त्या आवाजामागे मी चालतो. तुमच्याइतकं सावकाश वाचणारा इथे दुसरा कोणी नाही. सगळ्यांत चांगला वाचणारा म्हणून नाही घेतलं तुम्हाला."

ते मला ठाऊकच होतं. तरी घरी येईपर्यंत तेच मनात घोळत होतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

दोघं उभे राहिलो. आधी मी.

मी काय बोललो ते आठवत नाही. मग हिंमतराव बोलले, डोळ्यांबद्दल, सोंगाबद्दल. स्त्री-मंडळातल्या दोघी रडल्या. कोणी तरी पुढे येऊन त्यांचा हात धरला. माझ्यासाठी कोणी रडलं नाही. बरोबर आहे, पण मी पाहिलं.

मुक्ताबाई एवढंच म्हणाल्या, "मी उचलली ती चिठ्ठीच नव्हती म्हणा. एवढा वेळ प्रार्थना करून हात घातला होता मी."

त्यांच्याकडे बघता आलं नाही. पाळकसाहेबांना मी चोरून फसवलं, पण या बाईच्या तर हातातूनच चोरी केली.

भक्ती झाल्यावर पाळकसाहेबांनी पंचांना बसवलं. नवी चिठ्ठी पुनरुत्थानाच्या सणानंतर, दोन वेगळ्या नावांची. माझं पंचपद गेलं. एक वर्ष कुठलंही काम नाही, घंटा नाही, पेले नाहीत, हजेरीही नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सात किल्ल्या. चर्चच्या सामानखोलीच्या किल्लीचा दांडा माझ्या अंगठ्याने झिजलेला आहे. पाळकसाहेबांनी त्या लगेच उचलल्या नाहीत, मी बाहेर जाईपर्यंत तशाच होत्या.

रस्त्यात पद्मजा माझ्या बरोबरीने चालली. एरवी चार पावलं पुढे असते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी, त्यामुळे नोकरीवालेही आले. अभ्यास हिंमतरावांकडेच राहिला. त्यांच्याकडून तो काढून घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. इतके दिवस कशाला घाबरले कोण जाणे.

मी मागे शेवटच्या रांगेत बसलो. कुलूप कोणी उघडलं, खुर्च्या कोणी लावल्या, ते बघितलं नाही. वाकड्या होत्या.

रुपालीने सासऱ्यांच्या फोनमध्ये काही तरी घालून दिलं आहे. उतारा आपोआप वाचतो, हवा त्या आवाजात, ग्रीकसुद्धा. तिने लावून दाखवलं. बाईचा आवाज होता, स्वच्छ, बर्थलमयापाशीही अडखळली नाही. सगळ्यांना आवडलं. मी मान खाली घालून बसलो. एका यंत्रावर इतका राग येऊ शकतो हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

हिंमतरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बंद कर बेटा. याला बोट नाही." आणि कापडी वेष्टणाचं पुस्तक हवेत धरलं. "दीनानाथभाऊ आले आहेत काय?"

पाळकसाहेब दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. वर्षभर कुठलंही काम नाही, असं त्यांनीच सांगितलेलं. ते बाहेर रस्त्याकडे बघायला लागले.

मी पुढे गेलो. पान उघडलं. चिठ्ठी तिथेच होती, माझ्या नावाची. त्यांनी ठेवून दिली आहे. म्हणाले, सणापर्यंत जपायची असते.

वाचायला लागणार एवढ्यात पद्मजा पहिल्या रांगेतून म्हणाली, "अहो, घसा बसलाय तुमचा. आज मी वाचू का?" तिचं वाचन चांगलं आहे, बारावी झालेली आहे. हातही पुढे केला होता.

मी पुस्तक दिलं नाही. घसा खाकरला, ओळीखाली बोट ठेवलं आणि नेहमीपेक्षाही सावकाश वाचलं.

हजेरी माझ्याकडे नाही, तरी मोजली. ३४. मला धरून.